विस्मरणाचे दिवे

ग्रँट रोड स्थानकातून पूर्वेस बाहेर पडून थोडे चालले म्हणजे जो रस्ता लागतो, त्याचे सरकारी दप्तरातील नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. परंतु १९०३ पासून १९०७ पर्यंत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॅमिंग्टनसाहेबांच्या नावाची पाटी उतरून इतकी वर्षे लोटली, तरी गिरगावच्या, दादरच्या किंवा लालबागच्या माणसाला सोल्डरची तार, ट्रान्झिस्टर अथवा बाजारातून नाहीशी झालेली एखादी आयसी हवी झाली की तो अजूनही लॅमिंग्टन रोडलाच जातो. तारुण्यापासून मी या रस्त्याचा नेमाचा वाटसरू आहे, आणि येथे विकल्या जाणाऱ्या असंख्य जिनसांपैकी ज्या एका जिनसाने माझे मन कायमचे गुंतवून ठेवले, तो म्हणजे पाठीवर काचेचे वाटोळे गवाक्ष असलेली, अतिनील प्रकाशाने पुसता येणारी आणि विजेच्या ठोक्यांनी पुन्हा लिहिता येणारी स्मृतीची चिप. व्यवहारातल्या बोलीत ईप्रॉम. तिच्या दोषांची जी काही तहकीक आजवर मला करता आली, तिचा निष्कर्ष असा की लिहिण्याची कला पुष्कळांना साधते, पुसण्याची थोड्यांना साधते, आणि वाचण्यासाठी लागणारा धीर त्याहूनही थोड्यांपाशी असतो.

ही चिप डोळ्यांजवळ धरून पाहण्यासारखी आहे. सव्वा इंच लांबीचा करडा, चिनीमातीच्या जातीचा देह. दोन्ही बाजूंना बारा-बारा मिळून चोवीस पाय. आणि मध्यभागी क्वार्ट्झचे पारदर्शक गवाक्ष. भिंग लावून आत पाहिले तर तळाशी सिलिकॉनचा एक चौकोनी तुकडा दिसतो, ज्यावरील सूक्ष्म रेषांची वीण प्रकाश फिरवताच कधी हिरवी, कधी जांभळी भासते, आणि त्याच्या कडांपासून केसाहूनही बारीक तारा चहूकडे पायांच्या मुळांशी गेलेल्या असतात. यंत्रातील इतर भागांचे अंतरंग काळ्या कवचाखाली गुप्त असते. हिचे मात्र, जो भिंग घेऊन बसेल त्याला, निःसंकोच दिसते. पुष्कळदा त्या सिलिकॉनवरच निर्मात्याची खूण आणि सालही कोरलेले सापडते. बाजारात जुन्या चिपांचा माथा घासून त्यावर नवे आकडे छापण्याचा उद्योग चालतो, पण कवचावर काहीही छापले तरी गवाक्षातून दिसणारी ती खूण बदलता येत नाही, आणि म्हणून जाणता गिऱ्हाईक माथ्यावरचा मजकूर न वाचता प्रथम आतला दाखला वाचतो.

या वस्तूचा जन्मच मुळी एका बिघाडाच्या शोधातून झाला, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. १९६७ साली बेल प्रयोगशाळेतील डॉवन कांग आणि सायमन झी यांनी असे दाखवून दिले होते की चहूबाजूंनी निरोधक द्रव्याने वेढलेल्या, कशालाही न जोडलेल्या गेटवर विद्युत्कण नेऊन ठेवले तर ते तेथे राहू शकतात. पुढे इंटेल कंपनीत काही चिपा सदोष निघू लागल्या; त्यांतील गेटची जोडणी तुटलेली असे, आणि अधांतरी राहिलेल्या त्या गेटवर अडकलेला विद्युद्भार हलता हलत नसे. या दोषाची शहानिशा करण्याचे काम ज्यांच्याकडे आले त्या डोव्ह फ्रोमन यांनी दोषातच गुण ओळखला, आणि १९७१ साली १७०२ या क्रमांकाची, २०४८ बिटांची पहिली ईप्रॉम जगापुढे आली. नंतर २७०८, २७१६, २७३२, २७६४ अशी तिची वंशावळ वाढत गेली. नावातील २७ हा कुळाचा आकडा आणि त्यापुढील आकडा किलोबिटांचा, एवढे लक्षात ठेवले की कोणत्या चिपेत किती मजकूर मावेल याचा हिशेब जागच्या जागी करता येतो.

तिची स्मृती कशी चालते हे सांगितल्यावाचून पुढील हकीकत कळणार नाही. प्रत्येक बिटासाठी एक अधांतरी गेट असते. ते रिकामे असेल तर त्याखालून प्रवाह वाहतो आणि वाचणाऱ्याला '१' दिसतो. त्यावर विद्युत्कण कोंडले असतील तर प्रवाह अडतो आणि '०' दिसतो. कारखान्यातून आलेली कोरी चिप म्हणून सर्वत्र एकच एक असते, आणि तीवर लिहिणे म्हणजे जेथे हवे तेथे एकाचे शून्य करणे होय. विजेच्या ठोक्याने एकाचे शून्य होते. शून्याचे एक मात्र विजेने करता येत नाही. एकच बिट चुकीने शून्य झाला तरी संपूर्ण चिप अतिनील प्रकाशाखाली ठेवून सगळाच्या सगळा मजकूर पुसावा लागतो. खाडाखोडीची तिथे सोय नाही. आणि पुसणे म्हणजे काळोख करणे नव्हे. पुसलेल्या चिपच्या आठही वाटांवर, तिला जोडलेल्या दिव्यांच्या भाषेत बोलायचे तर, सगळे दिवे पेटलेले असतात. येथे लेखन म्हणजे योग्य स्थळी योग्य दिवा मालवणे, आणि विस्मरण म्हणजे मालवलेले दिवे आपोआप पुन्हा पेटणे.

दिव्यांची भाषा मी उगाच वापरली नाही. लालबाग-परळच्या सार्वजनिक गणेशोत्सवांतील रोषणाईने ज्यांचे बालपण उजळले, त्यांना धावत्या दिव्यांच्या माळा, फिरणारी चक्रे आणि उमलणारी कमळे आठवत असतील. ऐंशीच्या दशकात अशा रोषणाईमागे पुष्कळदा एक ईप्रॉम असे. तिची रचना साधी आणि सुंदर होती. ५५५ ही आयसी ठराविक अंतराने ठोके देई. ४०४० ही आयसी ते ठोके बारा बिटांपर्यंत मोजी, म्हणजे शून्यापासून ४०९५ पर्यंत. हा मोजलेला आकडा पत्ता म्हणून २७३२ या चिपला मिळे आणि चिप त्या पत्त्यावरील आठ बिटे बाहेर टाकी. आणि ही आठ बिटे ट्रायाकांच्या, म्हणजे विजेच्या कळीचे काम करणाऱ्या भागांच्या, मार्फत दिव्यांच्या आठ लायनींना पेटण्याचा किंवा विझण्याचा हुकूम देत. सेकंदाला आठ ठोके धरले तर ४०९६ पायऱ्यांचा हा खेळ साडेआठ मिनिटे चालतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. असली सर्किटे शिकण्यासाठी दूर जावे लागत नसे. 'इलेक्टर इंडिया' हे मासिक त्या काळी लॅमिंग्टन रोडजवळच्या प्रॉक्टर रोडवरूनच निघत असे, आणि गिरण्यांच्या विद्युत खात्यांतील कित्येक होतकरू हात ते वाचून रात्री खोलीच्या कोपऱ्यात सोल्डरिंग गन तापवीत.

लालबागमधील एका मंडळाच्या माळ्यावरून उतरवलेली अशीच एक पेटी मध्यंतरी माझ्यापुढे आली. ती एका गिरणीच्या वायरमनने बांधली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात ज्या सुमारे अडीच लाख कामगारांचे आयुष्य ढवळून निघाले, त्यांपैकी तो एक. काम गेल्यावर त्याने रोषणाईची कामे घेतली, आणि आठ आऱ्यांचे एक सुदर्शन चक्र, जे प्रथम संथ फिरते, मग वेग घेते, थांबते, उलटे फिरते आणि अखेर फुलासारखे उमलते, त्याचा सगळा मजकूर त्याने वहीत आकडे मांडून, बाइटमागून बाइट, स्वतःच्या हाताने चिपेत भरला. तो गृहस्थ आता हयात नाही. वहीही राहिली नाही. उरली होती ती एक चिप.

"काका, बल्ब बदलले, वायर बदलली, ट्रायाकसुद्धा नवीन टाकले," मंडळाचा तरुण कार्यकर्ता सांगू लागला, "तरी चक्र मध्येच अडखळतं. नको तिथे आरे पेटतात."

"रोज एकाच ठिकाणी की वाटेल तिथे?" मी विचारले.

तो क्षणभर थांबून म्हणाला, "एकाच ठिकाणी. उलटं फिरायला लागलं की लगेच."

सबंध तहकिकातीची किल्ली या उत्तरात होती. ट्रायाक बिघडला असता तर एकच आरा सतत पेटलेला राहिला असता. तार सुटली असती तर दोष कधी आला असता, कधी गेला असता. परंतु दर साडेआठ मिनिटांच्या फेऱ्यात ठराविक पायरीवर, ठराविक आऱ्यांतच चूक होत असेल, तर तो दोष पत्त्याशी बांधलेला आहे, आणि पत्त्याशी बांधलेला दोष स्मृतीतलाच असतो. त्यातही नको ते दिवे पेटत होते, हवे ते विझत नव्हते. म्हणजे शून्यांचे एक होत होते, कोंडलेले विद्युत्कण निसटू लागले होते. पेटी उघडताच कारणही समोर आले. गवाक्ष झाकण्यासाठी चिकटवलेली कागदाची पट्टी मुंबईच्या इतक्या पावसाळ्यांत सुटून तळाशी पडली होती, पेटीचे झाकण जाळीचे होते, आणि माळ्यावर वर्षानुवर्षे एक ट्यूबलाइट जळत होती. निर्मात्यांचीच ताकीद अशी की उघड्या गवाक्षाची चिप खोलीतल्या ट्यूबलाइटच्या अखंड प्रकाशात सुमारे तीन वर्षांत, आणि थेट उन्हात सुमारे एका आठवड्यात पुसली जाऊ शकते. एका कागदाच्या पट्टीवर त्या माणसाच्या चक्राचे आयुष्य अवलंबून होते.

अशा वेळी पहिला मोह होतो तो चिप काढून प्रोग्रामरमध्ये, म्हणजे चिपा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या यंत्रात, खुपसण्याचा आणि जे वाचले जाईल त्याची ताबडतोब नवी प्रत करण्याचा. तो मोह आवरला पाहिजे, कारण उतावळे वाचन हे पुसण्याहून घातक असते. पुसलेले निदान कोरे दिसते, चुकीचे वाचलेले खरे म्हणून दप्तरी दाखल होते. आधी पायांची शहानिशा करावी. समुद्राच्या खाऱ्या हवेने काळवंडलेले पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत, सॉकेट स्वच्छ करावे, चिपवरची खाच आणि सॉकेटवरची खाच एका दिशेला आहे याची खातरजमा करावी, कारण उलटी बसवलेली चिप वीज देताच कायमची जाऊ शकते. मग वाचावे, पुन्हा वाचावे, आणि दोन्ही वाचनांच्या चेकसमचा, म्हणजे सगळ्या बाइटांच्या बेरजेचा, मुकाबला करावा. या चिपेचे चेकसम जुळेनात. पाय स्वच्छ होते, सॉकेट नवे होते. म्हणजे काही बिटे एक आणि शून्य यांच्या सीमेवर डळमळत होती.

येथे या विद्येतला मला सर्वांत प्रिय असलेला उपाय कामी येतो. वाचताना चिपला ५ व्होल्टचा पुरवठा दिला जातो, आणि तोच दाब बिटाच्या गेटवर येऊन प्रवाहाला वाट देऊ पाहतो. अर्धेअधिक विद्युत्कण गमावलेले गेट या दाबापुढे नमते आणि शून्य असूनही एक म्हणून बोलते. पुरवठा किंचित उतरवून साडेचार व्होल्टच्या आसपास आणला, की तेच गेट पुन्हा प्रवाह अडवू शकते आणि आपला खरा मजकूर सांगते. जोर वाढवल्याने क्षीण स्मृती परत येत नाही. जोर कमी केल्याने येते. दाब थोडा थोडा उतरवीत, प्रत्येक पायरीवर वाचन करीत, चेकसम जेथे स्थिर झाला तेथील मजकूर आम्ही खरा मानला, आणि नंतर कागदावर आऱ्यांच्या आकृत्या काढून उलट्या फेऱ्याच्या पायऱ्या एकेक तपासल्या. चक्र कोठेही अडखळले नाही. गेलेल्या माणसाचे हस्ताक्षर बिनचूक उतरले होते.

मग प्रश्न आला नव्या चिपेचा. २७३२ आज कोणी बनवीत नाही. लॅमिंग्टन रोडवर किंवा चोर बाजारात भंगारातल्या बोर्डांवरून उपटलेल्या चिपा मिळतात, आणि त्यांच्यात कुणा परक्या यंत्राचा मजकूर भरलेला असतो. तो आधी पुसला पाहिजे. पुसण्यासाठी लागतो पाऱ्याच्या दिव्याचा २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा किरण. हा किरण दुर्मीळ मुळीच नाही. दादरच्या कोणत्याही बिऱ्हाडातल्या ट्यूबलाइटच्या पोटात तोच जन्मतो, फक्त नळीच्या आतला पांढरा लेप त्याचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो आणि उरलासुरला नळीची साधी काच गिळते. लेप नसलेली आणि हा किरण बाहेर सोडणाऱ्या काचेची नळी म्हणजे जंतुनाशक ट्यूब. परळच्या इस्पितळांत हवा निर्जंतुक करण्यासाठी आणि घरोघरच्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांत वापरतात तीच. याउलट नाटकाच्या प्रयोगात कपडे चमकवणारी जांभळी ट्यूब किंवा नोटा तपासण्याची बॅटरी 'यूव्ही' म्हणून विकली जात असली, तरी तिचा किरण ३६५ किंवा ३९५ नॅनोमीटरचा, म्हणजे फारच दुबळा असतो. सिलिकॉनवरून ऑक्साइडचा उंबरठा ओलांडायला विद्युत्कणाला सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टची उडी लागते, २५३.७ नॅनोमीटरचा किरण त्याला ४.९ चे बळ देतो, ३६५ चा किरण जेमतेम ३.४ चे, आणि ३९५ चा तेवढेही नाही. रात्रभर जांभळ्या ट्यूबखाली ठेवूनही चिप पुसली जात नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्याने आधी आपल्या दिव्याचे कूळ तपासावे.

दिवा योग्य असला तरी पुसणे निष्फळ होऊ शकते, आणि त्याची कारणे बहुधा क्षुल्लक दिसणारी असतात. गवाक्षावर जुन्या लेबलाचा गोंद डोळ्यांना न दिसण्याइतका उरलेला असतो. डोळ्याला पारदर्शक असलेला हा थर अतिनील किरणाला भिंतीसारखा असतो. नळीवर धूळ बसलेली असते, किंवा नळी जुनी होऊन निळसर उजेड पूर्वीइतकाच देते पण कामाचा किरण देत नाही. निर्मात्यांच्या हिशेबाने चौरस सेंटिमीटरला १५ वॉट-सेकंद इतकी मात्रा पोहोचावी लागते. त्यासाठी १२,००० मायक्रोवॉट तीव्रतेच्या दिव्याखाली, इंचभर अंतरावर, पंधरा ते वीस मिनिटे पुरतात. हे सारे बंद पेटीत करावे आणि झाकण उघडताच दिवा विझेल अशी कळ बसवावी, कारण हा किरण डोळ्यांना आणि त्वचेला गंभीर इजा करतो.

परंतु खरा घात होतो तो पुसणे संपले असे समजण्यात. काही मिनिटांनंतर प्रोग्रामर चिप तपासतो आणि कोरी असल्याचा निर्वाळा देतो. उतावळा माणूस तेथेच थांबतो. चिपेत अजून काही गेटांवर थोडे विद्युत्कण शिल्लक असतात, ५ व्होल्टच्या दाबाखाली ते दिसत नाहीत, आणि आठवड्याने पुरवठा जरा उतरला किंवा हवामान बदलले की जुन्या मजकुराचे शून्य नव्या मजकुरातून डोके वर काढते. गिरगावात ज्यांनी खिळ्यांची छपाई पाहिली आहे त्यांना हा दोष चटकन ओळखता येईल. जावजी दादाजींनी १८६९ साली स्थापन केलेल्या निर्णयसागरच्या आणि पुढे खटाववाडीतल्या मौजेच्या त्या परंपरेत जुळारी खिळे जुळवून मजकूर उभा करी हे सर्वांना ठाऊक असते. परंतु छपाई झाल्यावर तेच खिळे सोडवून प्रत्येक अक्षर आपापल्या घरात परत टाकण्याचे काम जुळवण्याइतकेच जोखमीचे असे, कारण एका खणात चुकून पडलेले परके अक्षर आज कुणाला दिसत नसे आणि पुढल्या ग्रंथाच्या पानात छापून निघे. पुसण्याचे तसेच आहे. म्हणून चिप कोरी दिसू लागायला जितका वेळ लागला, निदान तितकाच वेळ ती पुन्हा दिव्याखाली ठेवावी, आणि अखेरचा कोरेपणा उतरवलेल्या व्होल्टेजवर तपासावा, जेथे शिल्लक राहिलेले विद्युत्कण लपू शकत नाहीत.

कोऱ्या झालेल्या चिपवर लिहिताना धोका एका अक्षराचा असतो. २७३२ या चिपला लिहिण्यासाठी २५ व्होल्ट लागतात; २७३२ए हिला २१. आकार तोच, पाय तेच, नावात फक्त एक 'ए' जास्त; परंतु २५ व्होल्ट 'ए'च्या पायावर आले तर ती जळते, आणि २१ व्होल्ट पहिलीवर आले तर मजकूर उमटतो न उमटतो असा राहतो. आजकाल यूएसबीवर चालणाऱ्या स्वस्त प्रोग्रामरांपैकी पुष्कळांना २५ व्होल्टपर्यंत चढताच येत नाही, आणि त्यामुळे दोष चिपचा समजून भल्या चिपा फेकल्या जातात. तेव्हा मल्टिमीटर घेऊन लिहिण्याच्या क्षणी विसाव्या पायावर किती दाब येतो ते मोजावे, केवळ प्रोग्रामरच्या पडद्यावरील आकड्यावर विसंबू नये. आणि त्या पायापासून जमिनीपर्यंत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे याची खात्री करावी, कारण तो नसेल तर विजेची क्षणिक उसळी चिपचा प्राण घेऊ शकते. जुन्या पद्धतीत दर बाइटला ५० मिलिसेकंदांचा ठोका दिला जातो. ४०९६ बाइटांना म्हणून साडेतीन मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. ती साडेतीन मिनिटे हात मागे घेऊन स्वस्थ बसावे. लिहून झाल्यावर मजकूर ५ व्होल्टवर पडताळावा आणि मग थोड्या चढ्या दाबावर पुन्हा पडताळावा, म्हणजे जे शून्य पुरते भरले गेले नसेल ते आजच उघडे पडेल, दहा वर्षांनी नाही.

लालबागच्या चक्राचा मजकूर या रीतीने नव्या चिपेत उतरला. त्या रात्री परत येताना लोअर परळच्या पुलावरून मी गिरणगावाकडे पाहत होतो. जेथे भोंगे वाजत आणि पाळ्या बदलत, तेथे आता काचेचे मनोरे उभे आहेत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनींना जी वाट करून दिली, त्या वाटेने एक सबंध वस्ती आपली ओळख हरवीत गेली. कोठे धुराडे उभे आहे, कोठे दगडी भिंतीचा तुकडा, कोठे चाळीच्या दारावर मंडळाचा फलक. मनोऱ्यांच्या सगळ्या मजल्यांवरचे सगळे दिवे पेटलेले होते. ज्याने या चिपेची भाषा शिकून घेतली आहे त्याला त्या झगमगाटाचे कौतुक वाटणे कठीण जाते, कारण सर्वत्र पेटलेली ओळ ही त्या भाषेत कोऱ्या पत्त्याची ओळ असते. नगराला जुने पुसून नवे लिहावे लागते, हे मी नाकारीत नाही. गिरगावही बागा आणि वाड्या पुसूनच वसले. माझे म्हणणे एवढेच की पुसण्यापूर्वी वाचावे लागते, आणि आपण गिरणगाव पुरते वाचून घेतले नाही. ज्या वायरमनने चक्राच्या चार हजारांवर पायऱ्या हाताने लिहिल्या, त्याच्यासारख्यांनी मागच्या गल्ल्यांत, माळ्यांवर आणि पेट्यांत काय काय लिहून ठेवले आहे याची बारनिशी कोणत्याही दप्तरात नाही.

ती ठेवण्याचे काम मात्र अजून हातातले आहे. या चिपांची मजकूर धरून ठेवण्याची हमी निर्मात्यांनी साधारणतः दहा वर्षांच्या भाषेत दिली होती. त्या मुदतीच्या कितीतरी पलीकडे त्या निमूटपणे टिकल्या, हा त्यांचा मोठेपणा, पण तो अनंत काळाचा करार नाही. जुन्या लिफ्टच्या नियंत्रण पेटीत, वजनकाट्यांत, मागांच्या आणि छपाईच्या यंत्रांत, इस्पितळांच्या अडगळीत पडलेल्या उपकरणांत, वाद्यवृंदांच्या कीबोर्डांत आणि मंडळांच्या रोषणाईच्या पेट्यांत त्या आज, बाहेर कुणालाही न कळता, एकेक शून्य गमावीत आहेत.

म्हणून ज्यांच्या हाती असे एखादे यंत्र असेल त्यांना माझी विनंती आहे. यंत्र चालते आहे तोवरच चिप जाणत्या माणसाकडून काढवून घ्या. पाय स्वच्छ करून, कमी दाबावर, एकाहून अधिक वेळा वाचवून घ्या. जुळलेल्या मजकुराची फाइल दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवा आणि तिच्यासोबत यंत्राचे नाव, चिपचा क्रमांक, चेकसम, तारीख आणि ज्याने मूळ मजकूर लिहिला त्या माणसाचे नाव नोंदवा. मग गवाक्षावर प्रकाश आत न जाऊ देणारी पट्टी नीट दाबून लावा आणि चिप जागच्या जागी परत बसवा. एखाद्या दुपारी उरकण्यासारखे हे काम आहे. ते पुढच्या गणेशोत्सवावर ढकलू नका.